पाहिल्याबिगर सही नाही

काका कुणाच्याही घरची बेल वाजवत नसत. दारावर तीनदा टकटक करायची, दोन पावलं मागे सरायचं आणि खाली मान घालून उभं राहायचं. आतून कुणी ओरडलं, "बेल है ना भाई!" तरी यांचं बोट तिकडे जायचं नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "कोनं बसवली ते मले मालूम नाही. कशाले हात लावू?" आणि हा माणूस बावीस वर्षं भिलाईत विजेचा लायसन्सवाला ठेकेदार होता! त्यांच्या सहीवर लोक घरात दिवे लावत होते आणि ते स्वतः बेलला भीत होते.

मी त्यांना काका म्हणायचे, सगळं सुपेला मार्केटच त्यांना काका म्हणायचं. पन्नाशीच्या आसपासचे, काटकुळे, कायम घाईत असल्यासारखे. पांढरा सदरा, पांढरी पँट, पायात बारा महिने रबरी चप्पल. पांढऱ्या कपड्यांमुळे नवा माणूस त्यांना कुठल्यातरी पक्षाचा कार्यकर्ता समजायचा आणि आधी आपलं रेशनकार्डाचं गाऱ्हाणं सांगून मोकळा व्हायचा. काका ते शेवटपर्यंत ऐकून घेत आणि मग हळूच माझ्या टेबलाकडे बोट दाखवत.

पांढऱ्या कपड्यांचं खरं कारण मला चार वर्षांनी कळलं. ते आत्ताच सांगून टाकते, कारण त्याशिवाय काका समजणार नाहीत. त्यांना लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नव्हता. जन्मापासून. दोन्ही रंग त्यांना मातकट दिसायचे. साध्या माणसाचं यात फारसं अडत नाही. पण घरच्या वायरिंगमध्ये लाल तार करंटची असते आणि हिरवी अर्थिंगची, म्हणजे जीव वाचवणारी. आणि काकांचं पोट याच तारांवर होतं. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर लायसन्स गेलं असतं, आणि लायसन्सबरोबर दोन घरं बसली असती. एक काकांचं आणि एक त्यांच्या सहीवर काम करणाऱ्या सुदाम मिस्त्रीचं. बावीस वर्षं त्यांनी ती सुदामशिवाय कुणाला कळू दिली नाही. शेवटचं एक वर्ष त्यांच्याबरोबर मीही ती लपवली, आणि त्या वर्षात माझं वजन किती उतरलं ते माझ्या आईला विचारा.

आमचं दुकान एकाच शटरखाली होतं. अर्ध्या भागात माझं च्वाइस सेंटर, म्हणजे लोकांचे सरकारी अर्ज ऑनलाइन भरून द्यायचं दुकान, आणि अर्ध्यात काकांचं टेबल, एक लोखंडी कपाट आणि भिंतीवर लटकवलेल्या वायरींची वेटोळी. मी दुर्गच्या पद्मनाभपूरची, तिथे तीन पिढ्या काढलेल्या मराठी घरातली, बी.कॉम. झालेली. नोकरीच्या परीक्षा देता देता वय उलटलं तेव्हा दुकान टाकलं. भिलाईत प्लांटमध्ये, म्हणजे पोलादाच्या सरकारी कारखान्यात, नोकरी नसलेल्या माणसाबद्दल 'स्वतःचा धंदा करतो' असं कुणी म्हणत नाही. 'अभी तो दुकान में बैठता है' असं म्हणतात, आणि त्या 'अभी तो'मध्ये वीस-वीस वर्षं निघून जातात.

काका तुमसरकडचे. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेऊन प्लांटच्या नोकरीसाठी आले. लेखी परीक्षा पास झाले. मग डोळे तपासायला बसवलं, ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक समोर आलं आणि त्यात त्यांना आकडेच दिसेनात. तोवर त्यांना स्वतःलाही पत्ता नव्हता. कॉलेजात तारा जोडताना शेजारच्या मित्राला विचारायचे. त्यांना वाटायचं, हे सगळ्यांनाच अवघड जात असेल. त्यांनी गावी कळवलं की जागाच निघाल्या नाहीत, आणि परत गेले नाहीत. ज्या कामाला नापास ठरले तेच काम शहरात स्वतःच्या जोरावर सुरू केलं. तेव्हा ठेकेदाराच्या लायसन्सला डिप्लोमा लागायचा, डोळ्यांचं कुणी विचारत नव्हतं.

नव्या घराला मीटर हवं असेल तर वायरिंग तपासल्याचा रिपोर्ट लागतो, आणि त्यावर लायसन्सवाल्याची सही आणि ठप्पा. सुपेल्यात असे ठप्पेवाले चार-पाच होते. बाकीचे चहाच्या टपरीवर गठ्ठ्यानं सह्या करायचे. कपाचा गोल डाग पडलेले रिपोर्ट मी स्वतः अपलोड केलेत. काकांचं तसं नव्हतं. त्यांच्या टेबलामागे पाटी होती, 'बिना देखे साइन नहीं होगा'. लोक ती वाचून हसायचे, मग वैतागायचे आणि मग टपरीवर जायचे. जे थांबायचे त्यांच्या घरी काका जायचे. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत मेगर, म्हणजे तारांचं आवरण कुठे फाटलंय ते सांगणारं हँडलवालं जुनं यंत्र, आणि एक टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरात बल्ब आणि त्याला दोन मोकळ्या तारा. प्रत्येक बोर्ड उघडून पाहायचे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. एकदा एका घरी मोतीचूर लाडवाचं ताट पुढे करून मालकीण म्हणाली, बाथरूमचा राहू द्या, सासूबाई आत आहेत. काका पाऊण तास बाहेर स्टुलावर बसून राहिले. सासूबाई शेवटी रागानं बाहेर आल्या.

एका शब्दाशी मात्र त्यांचं हाडवैर होतं. आमच्याकडे कुठलंही काम विचारा, उत्तर येतं, 'हो गया समझो.' मिस्त्री म्हणतो, नळवाला म्हणतो, मुलीच्या लग्नाचं विचारलं तर बापही म्हणतो. काकांच्या समोर कुणी 'समझो' म्हटलं की ते तिथेच थांबायचे. "झालं समजा म्हंजे झालं नाही. करंट समजदार नसते, बाप्पा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आता घरी कुणी 'भाजी झाली समज' म्हटलं तरी मी झाकण उघडून पाहते.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात त्यांनी जे केलं ते आमच्या घरात अजून निघतं. दुपारचं लग्न, मे महिना, दुर्गचं ऊन. काका पांढऱ्या कपड्यांत आले, वधूवरांकडे न जाता आधी मंडपाच्या मागे गेले. तिथे डेकोरेशनवाल्यानं नागड्या तारा सॉकेटमध्ये खुपसून त्या निसटू नयेत म्हणून काडेपेटीच्या काड्या ठोकल्या होत्या, आणि शेजारी आचाऱ्यांनी सांडलेल्या पाण्याचं तळं. काकांनी मेन स्विच पाडला. तिसरं मंगलाष्टक चालू होतं. माइक मेला, पंखे थांबले, भटजी तसेच घसा ताणून म्हणत राहिले आणि पाहुण्यांच्या अक्षता घामानं मुठीतच चिकटल्या. बाबा तरातरा मागे गेले. "कावून हो, तुमाले हेच टायम भेटला?" काका एकेक काडी उपटून खिशात टाकत होते. वर न बघता म्हणाले, "लगन उद्याही होते, साहेब. पानी आज हाये." बाबा पुढे सहा महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. मलाही त्या दिवशी त्यांचा राग आला होता. आता त्या लग्नाचे फोटो बघताना मी वधूवरांच्या मागच्या तारा बघते.

आता सुदाम मिस्त्री. बलांगीरकडचा ओडिया, बापाबरोबर विटा वाहायला भिलाईत आलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला. मोठ्यांचं काम बघून बघून वायरिंग शिकला आणि असा शिकला की भिंतीवर कान ठेवून आतली तार कुठून गेलीय ते सांगायचा. तो कुणाचा नोकर नव्हता. स्वतः कामं धरायचा, पोरं लावायचा, घर पूर्ण करायचा. कागदापाशी आला की काकांकडे यायचा. आमच्या एका शटरखाली तीन शिक्षणं बसायची, डिप्लोमा, बी.कॉम. आणि काहीच नाही. गिऱ्हाइकांची रांग 'काहीच नाही'कडे असायची. त्याची मुलगी मात्र रायपूरला नर्सिंग शिकत होती, आणि तिचं नाव निघालं की तो हातातली पक्कड खाली ठेवून बोलायचा.

सुदामची एक खास पद्धत होती. तो प्रत्येक हिरव्या तारेच्या टोकाला एक बारीक गाठ मारायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "हमारे उधर ऐसा ही चलता है." त्याच्याकडे काम शिकलेली पोरं गाठ मारायला लागली, मग त्यांचं बघून सुपेल्यातले दुसरे मिस्त्री. गाठ म्हणजे पक्कं काम, असा समज झाला. घरमालकही विचारायला लागले, "गाँठ मारी है ना?" ही गाठ फक्त एका माणसाच्या डोळ्यांसाठी होती हे त्या सगळ्यांना कसं ठाऊक असणार? मलाही नव्हतं.

ते कळलं दुर्गजवळच्या उतईला. माझ्या भावानं तिथे घर बांधलं. सुदाम नुआखाईला, म्हणजे त्यांच्या नव्या भाताच्या सणाला, गावी गेला होता, म्हणून भावानं तिथल्याच एका मिस्त्रीकडून वायरिंग करून घेतलं. रिपोर्टसाठी मी काकांना माझ्या स्कूटीवर मागे बसवून नेलं. प्रत्येक सिग्नलला ते माझ्या कानाशी विचारत होते, "सिग्नल सुटला का?" मला वाटलं, घाई झालीय.

घरात पाऊल टाकताच त्यांनी भावाला विचारलं, "मेन बंद केला?"

"बंदच समजा, काका."

काकांचा चेहरा बदलला. ते स्वतः बघायला निघाले, पण दाराच्या चौकटीशेजारच्या उघड्या डब्यातून एक तार बाहेर लोंबत होती, नेमकी येण्याजाण्याच्या वाटेत. टोकाला गाठ होती. काका तिच्याखालून वाकून गेले आणि जाता जाता मला म्हणाले, "माय, थे हिरवी जराशी बाजूले धर. कोनाच्या तोंडाले लागन. मी मेन पाहून येतो."

मी हात पुढे केला. मग थांबले. "काका, हिरवी कुठं आहे? ही तं लाल आहे."

माझी बोटं तारेपासून वीतभर दूर होती. काका वळले. त्यांचा चेहरा पांढऱ्या सदऱ्याहून पांढरा झाला होता. ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "हात मांगं घे. मांगं घे, माय. तशीच मांगं सरक." मग पिशवीतून टेस्ट लॅम्प काढून त्यांनी एक टोक त्या तारेला आणि दुसरं डब्यातल्या काळ्या तारेला लावलं. बल्ब लख्ख पेटला. शेजाऱ्याकडून पंपासाठी ओढलेली लाइन चालूच होती, आणि उतईच्या मिस्त्रीनं सुदामची नक्कल करून दिसेल त्या तारेला गाठी मारल्या होत्या.

काका सिमेंटच्या पोत्यावर बसले. भाऊ पाणी आणायला पळाला. मी काही विचारायच्या आतच ते बोलले, "मले दिसत नाही. लाल-हिरवं. काहीच समजत नाही त्यातलं." मग लॅम्पच्या तारा गुंडाळायला लागले. "बावीस वर्सं मी लॅम्प लावल्याबिगर कोनाले तारेजवळ जाऊ देल्लं नाही. आज गाठ पाह्यली अन् भुललो. तुया हात होता तिथं."

"काकूंना माहीत आहे?"

"तिले वाटते मी टमाट्याच्या बाबतीत चिकित्सक हावो." रविवारच्या बाजारात ते एकेक टमाटा दाबून बघायचे आणि भाजीवाली शिव्या घालायची, ते मला तेव्हा आठवलं. मला हसूही आलं आणि रडूही, आणि दोन्हीपैकी काहीच मी केलं नाही.

सुदाम सणाहून परतल्यावर मी त्याला एकट्याला गाठून त्या गाठीचं विचारलं. तो आधी नाकबूल झाला, मग चिडला, मग टेबलाच्या कडेला टेकून बसला. "दीदी, उनको पढ़ना आता है, दिखता नहीं. मेरे को दिखता है, पढ़ना नहीं आता. दोनों मिलके एक पूरा आदमी बनता है. इसमें किसका क्या बिगड़ा?" मी म्हटलं, परवा माझा हात बिघडला असता. दुसऱ्या दिवसापासून तो मार्केटभर सांगत फिरला की गाठ मारायची पद्धत चुकीची आहे, सोडून द्या. कुणी ऐकलं नाही. गाठ आता फॅशन झाली होती.

त्याच वर्षी लायसन्सचं नूतनीकरण ऑनलाइन झालं. अर्ज भरायला काका माझ्यासमोर बसले. नाव, वडिलांचं नाव, डिप्लोमाचं वर्ष, सगळं भरलं, आणि पुढचं पान उघडलं तर रंगदृष्टी ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडा, असा नवा रकाना. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. काकांनी तो रकाना दोनदा वाचला. "जुन्यात हे नोतं," इतकंच म्हणाले. मुदत संपायला दोन महिने होते.

ते दोन महिने आमच्या शटरखाली कुणी धड जेवलं नाही. काकांनी मला ठिपक्यांच्या त्या पुस्तकाची पानं शोधून छापायला लावली. कुठल्या पानावर कुठला आकडा हे त्यांनी पाढ्यासारखं पाठ करायला घेतलं. मी गिऱ्हाइकाचा अंगठा मशीनवर घेता घेता विचारायचे, "पान चौथं?" ते मेगर पुसता पुसता सांगायचे, "एकोनतीस." मध्येच माझ्या प्रिंटरची लाल शाई संपली आणि दोन पानं अशी निघाली की त्यात मलाही आकडा दिसेना. काकांनी तीही पाठ केली. चूक लक्षात आल्यावर मी सांगितलं तर म्हणाले, "मंग आज तुले समजलं मले कसं दिसते ते." आम्ही दोघं हसलो. त्या दोन महिन्यांतलं तेवढंच हसू.

माझी अवस्था त्यांच्यापेक्षा वाईट होती असं मी म्हणणार नाही, पण बरी नव्हती. ते पास झाले तर मला उतईची ती तार दिसायची, आणि पुढे तिथे दुसऱ्या कुणाचा तरी हात. नापास झाले तर सुदामची मुलगी दिसायची, शेवटच्या वर्षाला. मी देवाला नेमकं काय मागावं ते मला कळेना, म्हणून मी मागणंच सोडून दिलं. सुदाम मात्र ठाम होता. तो रोज येऊन काकांची परीक्षा घ्यायचा. छापलेलं पान हातात धरून बोटानं आकडा गिरवायचा आणि म्हणायचा, "ये देखो, ये पेट, ये पूँछ. छह." काका मान हलवायचे. त्यांना पेटही दिसत नव्हतं आणि पूँछही.

डॉक्टरकडे आम्ही तिघंही गेलो. डॉक्टर पॉवर हाऊस नावाच्या वस्तीतले, दाखल्यांसाठी त्यांच्याकडे नेहमीच गर्दी. सुदाम बाहेर बाकावर बसला, मी कागद सांभाळायला काकांबरोबर आत गेले. काकांचे ओठ हलत होते. पहिलं पान बारा, दुसरं आठ, तिसरं सहा. डॉक्टरांनी नाव विचारलं, वय विचारलं, काम विचारलं. "बाईस साल से कर रहे हो?" म्हणाले, आणि दाखल्यावर 'सामान्य' लिहून सहीसुद्धा करायला लागले. पुस्तक त्यांच्या कोपराशी मिटलेलं पडलं होतं. त्याच्यावर पेपरवेट होता.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. कुणाला खोटं बोलावं लागलं नाही, कुणी पकडलं गेलं नाही, आणि दोन घरं वाचली. मी कागद घ्यायला हात पुढे केला.

काका म्हणाले, "साहब, किताब नहीं दिखाओगे?"

"जरूरत नहीं. बाईस साल में गलती होती तो अब तक ऊपर पहुँच गए होते."

"नहीं साहब," काका खुर्चीत पुढे सरकले. "देखे बिना साइन मत करो."

डॉक्टरांनी वैतागून पेपरवेट बाजूला केला आणि मधलंच एक पान उघडून त्यांच्यासमोर आपटलं. मी मागे उभी होते. पानाचा नंबर मला दिसत होता. चार. एकोणतीस हा आकडा माझ्या जिभेवर आला. काकांनाही तो नंबर दिसत होता, नंबर काळ्या शाईत होता. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं, जो अजून कागदासाठी पुढेच होता.

"इसमें मेरे को कुछ नहीं दिखता, साहब," काका म्हणाले. "कभी नहीं दिखा."

डॉक्टरांनी अर्धी सही झालेला कागद फाडला. ओरडायच्या ऐवजी त्यांनी आपलाच चष्मा काढून पुसला, मला वाटतं तेही घाबरले असावेत.

बाहेर येऊन काकांनी सुदामला सांगितलं. एका वाक्यात सांगितलं आणि त्याच्यासमोर उभे राहिले, शाळेतल्या मुलासारखे. सुदाम ओरडेल असं मला वाटलं. तो बाकावरून उठलाच नाही. "बाईस साल मेरी आँख लिया, काका," तो म्हणाला. "आज अंदर बोलने से पहले एक बार मेरे को पूछ लेते. मेरी बेटी का नाम तो पूछ लेते." सुदाम रस्ता ओलांडून निघून गेला आणि आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. मला काकांचा भयंकर राग आला होता. त्यांच्या प्रामाणिकपणाची फी दुसऱ्याच्या मुलीनं का भरायची? मी ते बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, "बरोबर हाये तुयं." वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

लायसन्स गेलं. पाटी काकांनी स्वतःच उतरवली. सुदामनं टपरीवरच्या एका ठप्पेवाल्याशी जुळवून घेतलं, आणि त्याचे रिपोर्ट आता दहा मिनिटांत, घर न बघता, चहाच्या डागासकट येऊ लागले. ते मीच अपलोड करत होते. प्रत्येक वेळी नजर पाटीच्या रिकाम्या जागेकडे जायची, आणि मी बटण दाबायचे. काकांचं टेबल रिकामं राहिलं. ते घरी बसत नव्हते हे मला काकूंकडून कळलं. सकाळी पिशवी घेऊन निघतात, कुठे जातात सांगत नाहीत. काकूंना टमाट्यांचं, सिग्नलचं, सगळं आता कळलं होतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "मले सांगितलं असतं तं मी रंगीत सदरे घेतले असते त्यायले."

दोनेक महिन्यांनी कुम्हारीच्या एका नव्या घराच्या मीटरचा अर्ज माझ्याकडे आला. मालकाची सही घ्यायला मी तिथे गेले. सुदाम शिडीवर होता, डब्यात हात घालून. शिडीच्या पायाशी, एका हातानं ती धरून, दुसऱ्या हातात टेस्ट लॅम्प घेऊन काका उभे होते. दोघांचं बोलणं कधी सुरू झालं, कुणी सुरू केलं, ते मला माहीत नाही आणि मी कधी विचारलं नाही. मालक दारातून आत आले, पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाकडे बघून त्यांनी सुदामला विचारलं, "ये कौन है?"

सुदामनं वरूनच उत्तर दिलं, "मेरा हेल्पर है. डिप्लोमावाला."

मी काकांकडे बघायचं टाळलं. मला वाटलं, आता ते शिडी सोडून निघून जातील. ते खाली वाकले. फरशीवर पडलेल्या दोन तारा त्यांनी उचलल्या, एक या हातात, एक त्या हातात, आणि दोन्ही वर धरल्या. मग मालकाच्या देखत, माझ्या देखत, सगळ्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्यांनी विचारलं, "सुदाम, इसमें हरी कौन सी है?"